खांदमळणी वर्षातून एकदाच कशाला?



श्रावण अमावास्येला पोळा. त्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे बैलांची खांदमळणी होते. बैल धुऊन आणायचे, जू बसते तो खांदा कोमट पाण्याने शेकायचा, हळद-लोणी चोळायचे आणि उद्याच्या जेवणाचे आवतण द्यायचे. हा नुसता रिवाज नव्हे. चोळताना हाताला गाठ लागते, बैल कुठे अंग चोरतो ते कळते. म्हणजे खांद्याची तपासणीच झाली की!

पण खरा भार पोळ्यानंतर येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झाले, की कोळप्याला चालणारा बैल एकदम उसाच्या गाडीला लागतो. खांद्याची कातडी निबर व्हायला सवड मिळत नाही आणि खांदेसूज येते. ऐन हंगामात बैल बसला, तर गाडीवानाची उचल फिटत नाही. अन् तोडलेला ऊस फडात वाळतो तो आपलाच.

म्हणून पोळ्यापासूनच हलकी गाडी जुंपून सवय लावावी. जोडी सारख्या उंचीची असावी. नाहीतर ठेंगण्याच्या मानेवर जास्त ओझे येते. जू गुळगुळीत हवे. मोळ्या रचताना तोल बघावा. गाडी पुढे जड झाली, की जू खांदा दाबते. मागे जड झाली, की जोते गळ्याला आवळते. रोज गाडी सोडल्यावर खांद्यावरून हात फिरवायला असा किती वेळ लागतो?

सूज ताजी असेल तर आधी गार पाण्याच्या पट्ट्या, दोन-तीन दिवसांनी मिठाच्या गरम पाण्याचा शेक, आणि सूज पुरती उतरेपर्यंत जू बंद. डाग देणे, जळके ऑइल लावणे या जुन्या खोडी मात्र सोडाव्यात. त्याने जखम चिघळते. पू झाला तर सरळ जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे.

हंगामात बैल नुसत्या वाढ्यांवर राहतो, हेही बरे नाही. वाढ्यातले ऑक्झलेट अंगातला चुना ओढून घेते. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी, जोडीला कडबा आणि थोडी पेंड द्यावी.

आणि कायदाही आहे बरं का! 1965 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ओढकामाच्या जनावराला दिवसात 9 तासांपेक्षा जास्त आणि विसाव्याशिवाय सलग 5 तासांपेक्षा जास्त जुंपता येत नाही. पारा 37 अंशांवर जात असेल, तर दुपारी 12 ते 3 जुंपणी बंद.