इंजिन उघडण्याआधी

पनवेलच्या रस्त्यांवर अजून ‘एमएच ०६’ पाटीच्या बऱ्याच मोटारसायकली दिसतात. पनवेलला स्वतःचं आरटीओ आणि ‘एमएच ४६’ हा क्रमांक मिळण्याआधी इथल्या गाड्या पेणच्या कार्यालयात नोंदवल्या जायच्या. त्यामुळे पनवेलकराच्या दारात ही पाटी असली की गाडी बहुधा जुनी असते. पंधरा वर्षं उलटल्यावर मालकाने पुढच्या पाच वर्षांसाठी तिची पुन्हा नोंदणी केलेली असते. म्हणजे गाडी ठेवायची, हे त्याने पैसे मोजून ठरवलेलं असतं. माझी हिरो होंडा स्प्लेंडर त्यातलीच. चार गिअर, ९७.२ सीसीचं इंजिन, चेन पूर्ण कव्हरमध्ये झाकलेली. अशा गाडीतून एक दिवस आवाज यायला लागतो आणि खरी परीक्षा तिथून सुरू होते. आवाज एका जागी असतो आणि ऐकू भलतीकडूनच येतो.

एका पावसाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं. रात्रभर मागचं चाक अर्धं पाण्यात होतं. गणपती झाले, पाऊस ओसरला आणि तिशी-चाळिशीच्या वेगाला खालून घरघर यायला लागली, गिरणीत दळण चालू असावं तशी. गॅरेजवाल्याने चेन हाताने हलवून पाहिली आणि चेनसेट गेलाय म्हणाला. खोटं बोलला नाही. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला झुकून आकड्यासारखे झाले होते. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट नवीन टाकली. घरघर होती तिथेच राहिली, वर एक नवीन ‘ऊंऽऽ’ सुरू झाला. मग निकाल लागला: “काका, हा आवाज गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा आहे. इंजिन खोलायला लागेल.”

“उद्या-परवा सांगतो,” म्हणून मी गाडी घेऊन निघालो.

जुन्या गाडीचं इंजिन उघडायला माझा विरोध नाही, पण ते शेवटचं पाऊल असावं. बंद इंजिनमध्ये वर्षानुवर्षं एकमेकांशी जुळवून घेतलेले भाग असतात. उघडलं की गॅस्केट बदला, ऑइल सील बदला, एखादा बोल्ट कुरकुरतो आणि त्याचे आटे जातात. शिवाय ‘आता उघडलंच आहे तर’ हे वाक्य येतं. त्या वाक्याने पिस्टन रिंग, क्लचप्लेट, टायमिंग चेन सगळं बिलावर चढतं. एवढं करून मूळ आवाज तसाच राहिलेली माणसं मला माहीत आहेत.

आवाजाचा शोध घ्यायला आधी शांत रस्ता हवा. सायन-पनवेल महामार्गावर किंवा कळंबोलीच्या सर्कलला, बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरच्या गर्दीत आपला हॉर्नही आपल्याला धड ऐकू येत नाही. मी सुकापूरवरून नेरे-मालडुंग्याच्या रस्त्याला गेलो, भल्या सकाळी. हेल्मेट घातलेलंच ठेवा. वाऱ्याचा आवाज त्याने कमी होतो आणि उरलेलं काम पायांनी होतं. फूटरेस्टवर आणि हँडलवर येणारी थरथर पुष्कळदा कानापेक्षा खरं सांगते.

पहिला प्रश्न एकच विचारायचा: आवाज इंजिनच्या फेऱ्यांबरोबर बदलतो की चाकाच्या? सपाट रस्त्यावर ३५ च्या वेगाला गाडी चौथ्या गिअरमध्ये चालवायची, मग त्याच वेगाला तिसऱ्यात. तिसऱ्यात इंजिन जास्त फिरतं, चाक मात्र तेवढंच फिरतं. आवाजाची पट्टी वर गेली तर संशय इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सच्या आतल्या बाजूवर. पट्टी तीच राहिली तर गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टपासून मागच्या चाकापर्यंत कुठेतरी. माझी पट्टी हलली नाही.

मग चाळीसच्या वेगाला क्लच दाबून गाडी नुसती वाहू द्यायची. इंजिन चालूच ठेवा. धावत्या गाडीची चावी बंद करू नका आणि हा प्रयोग उतारावर करू नका. माझी घरघर क्लच दाबल्यावरही राहिली आणि वेग कमी होईल तशी मंदावत गेली.

इथे बरेच जण घाई करतात आणि ‘इंजिन सुटलं’ असं म्हणून मोकळे होतात. क्लच दाबला तरी चाक चेनला ओढतं, चेन पुढच्या स्प्रॉकेटला फिरवते आणि ते स्प्रॉकेट ज्या शाफ्टवर बसलंय त्याचं बेअरिंग गिअरबॉक्समध्येच असतं. म्हणजे गॅरेजवाल्याचा संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता. हे बेअरिंग आणि मागच्या चाकातलं बेअरिंग वेगळं ओळखायचं तर चेन काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला तेवढंच म्हणालो, “चेन काढून चाक फिरवून बघू या का?” इंजिन बंद, गाडी डबल स्टँडवर, चेनचं लॉक काढलं, चाक हाताने फिरवलं. चेन नसतानाही घरघर चालूच. एक हात स्विंग आर्मवर ठेवला तर तळव्याला खरखर जाणवत होती. चाक वर-खाली धरून हलवलं तर बारीकसा खेळ होता. मग पुढचं स्प्रॉकेट पकडून वर-खाली दाबून पाहिलं, ते जागचं हललं नाही. इंजिन वाचलं. एक्सेल काढल्यावर चेनकडच्या बाजूचं बेअरिंग बाहेर आलं; ग्रीस केव्हाच धुऊन गेलेलं, आत गंजाचं तांबडं पाणी. नव्या बेअरिंगची किंमत इंजिन ऑइलच्या डब्याहून कमी होती.

दुसरा आवाज, तो ‘ऊंऽऽ’, वेगळाच निघाला. नवीन चेन गरजेपेक्षा जास्त ताणली होती. नुसत्या उभ्या गाडीची चेन बघून ताण ठरवला की हे होतं. माणूस बसल्यावर मागचं चाक वर दबतं आणि बऱ्याच गाड्यांत चेन आणखी आवळते. अशा छोट्या गाड्यांना साधारण एक इंचभर ढील लागते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत असतो. ढील एकाच जागी मोजू नका. चाक थोडं थोडं फिरवत जिथे चेन सगळ्यात आवळलेली सापडेल तिथे मोजा. स्प्लेंडरच्या कव्हरला रबरी बूच असतं, ते काढून बोटाने बघता येतं. ढिली चेन कव्हरवर आपटून खडखडते आणि तो आवाज सगळ्यांना ऐकू येतो. घट्ट चेन गुणगुणते आणि दोन्हीकडची बेअरिंग खाते. दोहोंत ढिली परवडली. जुन्या गाडीत नवा भाग टाकला की नवा आवाजही येऊ शकतो, हे गॅरेजमध्ये कोणी सांगत नाही. माझ्या गाडीत दोन आवाज एकमेकांत मिसळले म्हणून तर निदान गिअरबॉक्सपर्यंत गेलं.

चेन खरंच संपली आहे का, हे मोजपट्टीने कळतं. अशा गाड्यांना बहुतेक ४२८ क्रमांकाची चेन असते. तिच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. चेन ताणून वीस लिंकांचं अंतर मोजायचं. नवीन चेनला २५४ मिलिमीटर भरतं, २५९ भरलं की बदला. बदलताना स्प्रॉकेट जुनी ठेवून पैसे वाचवू नका. झिजलेले दात नवीन चेनची वाट लावतात.

आवाज ‘टक… टक…’ असा थांबून थांबून येत असेल तर त्याची लय मोजा, कारण लयीवरून जागा सापडते. समजा, मागच्या स्प्रॉकेटला ४२ दात आहेत आणि चेन १०६ लिंकांची आहे. मग चाकाचे साधारण अडीच फेरे होतात तेव्हा चेनचा एक फेरा होतो. टक आवाज दर फेऱ्याला आला तर मागचं स्प्रॉकेट, ब्रेक ड्रम किंवा टायर बघा. अडीच फेऱ्यांनी एकदा आला तर चेनची एखादी लिंक गंजून अडकली आहे. टायरला खडूची खूण करून, चाक हाताने फिरवत हे घरीच मोजता येतं. रस्त्यावर मोजायचं तर माणूस धावेल इतक्याच वेगात, ताशी दहा किलोमीटर. त्या वेगाला अठरा इंची चाक सेकंदाला जेमतेम दीड फेरा मारतं. त्याहून जोरात गेलात तर टकटक एकमेकांत मिसळते.

हे करताना एक गोष्ट कधीही करू नये. गाडी स्टँडवर, इंजिन चालू, पहिला गिअर टाकलेला आणि फिरत्या चेनवर फडकं धरून पुसायचं, असं करणारे मी पाहिले आहेत. फडकं स्प्रॉकेटमध्ये ओढलं जातं आणि मागोमाग बोटं. चेनला हात लावायचा तर इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हाताने.

थ्रॉटल उघडताना-सोडताना ‘धप्प’ असा धक्का बसत असेल तर मागच्या हबमधले रबर झिजलेले असतात, किंवा पुढचं स्प्रॉकेट शाफ्टच्या खाचांवर सैल झालेलं असतं. दोन्ही बाहेरची कामं आहेत. ‘चिकचिक’ पुढून येत असेल तर स्पीडोमीटरची केबल किंवा पुढच्या चाकातला तिचा गिअर कोरडा पडलेला असतो. हा आवाज अंगभर फिरून सीटखालून आल्यासारखा वाटतो.

क्लचकडचे आवाज उभ्या गाडीत तपासायचे. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असताना खडखड येते आणि क्लच दाबल्यावर थांबते, तेव्हा क्लच हाउसिंग किंवा गिअरबॉक्सच्या आत जाणाऱ्या शाफ्टचं बेअरिंग. उलट, क्लच दाबल्यावरच किरकिर सुरू झाली तर क्लच सोडवणारं बेअरिंग. पण आधी ऑइल बघा. स्प्लेंडरसारख्या गाडीत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच ऑइलमध्ये भिजतात. पातळी उतरली की तिन्ही बोलायला लागतात. स्प्लेंडरची आणखी एक गंमत म्हणजे चाकाची चेन डावीकडे आणि टायमिंग चेनही डावीकडेच. सकाळी थंड इंजिनची खळखळ ऐकून कित्येकांनी चाकाची चेन घट्ट करून घेतली असेल. जुनी बुलेट किंवा येझदी असेल तर संशयितांत एकाची भर घाला: त्यांच्यात इंजिनपासून क्लचपर्यंतही एक चेनच असते, कव्हरच्या आत.

गॅरेजमध्ये काढलेला जुना भाग मागून घ्या. बेअरिंग बोटांत धरून फिरवलं तर खरखर लगेच कळते. नव्यावरचा क्रमांक जुन्याशी ताडून बघा. ज्यांची गाडी पाण्यात उभी राहते त्यांनी दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं बेअरिंग मागावं. आणि सर्व्हिसिंगला जोराच्या पाण्याचा फवारा थेट एक्सेलवर मारू देऊ नका.

घरघर आणि गुणगुण असलेली गाडी सावकाश घरी आणता येते. पण चाक अडखळू लागलं, मागचा भाग डुलू लागला किंवा चेन दात सोडून ‘कडाक’ असा आवाज करू लागली, तर पळस्पे फाट्याच्या पुढे असा नाहीतर कर्नाळ्याच्या वळणावर, गाडी कडेला घ्या आणि टेम्पो बोलवा. तुटलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटवर गोळा होऊन चाक जाम करू शकते, इंजिनचं कवच फोडू शकते. नवीन चेन बसवून झाल्यावर, कव्हर लावायच्या आधी, चेन लॉकची क्लिप स्वतः वाकून बघा. तिचं बंद टोक चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवं.