माईनिंग यंत्राचा पॉवर सप्लाय : वॉट नव्हे, अँपिअर पाहा

कुंभकोणमच्या सारंगपाणी संनिधी रस्त्यावरील घरात रामानुजन पाटीवर गणिते करीत, कारण कागद महाग होता. त्याच गावी आज कोणी बिटकॉइनसाठी अँटमायनर एस9 लावले, तर ते सेकंदाला सुमारे साडेतेरा लाख कोटी आकडेमोडी करील. महाग पडेल ती वीज. त्याला वीज कशी पुरवायची, एवढाच आजचा धडा.

यंत्राला 12 व्होल्टवर 1300 वॉट लागतात असे धरू. 1300 भागिले 12, म्हणजे 108 अँपिअर! म्हणून खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. संगणकाच्या जुन्या सप्लायमध्ये 5 आणि 3.3 व्होल्टची शक्तीही त्या आकड्यात मिळवलेली असते, आणि ती इथे निरुपयोगी. लेबलवर 12 व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा. यंत्र रात्रंदिवस चालते, म्हणून भार क्षमतेच्या 80 टक्क्यांपर्यंतच ठेवावा. 1300 भागिले 0.8, म्हणजे 1625. सुमारे 1600 वॉटचा सप्लाय हवा. बिटमेनचा एपीडब्ल्यू3++ आपल्या 230 व्होल्टवर 1600 वॉट देतो. 110 व्होल्टच्या देशात मात्र तोच 1200 वर थांबतो.

आता भिंतीकडे वळू. कार्यक्षमता 90 टक्के धरली तर भिंतीतून 1444 वॉट ओढले जातात. 230 व्होल्टला 6.3 अँपिअर. घरातला साधा सॉकेट 6 अँपिअरचा! त्यात दुपारी दाब 200 व्होल्टवर आला, की प्रवाह कमी होत नाही, उलट 7.2 होतो. सप्लाय तेवढीच शक्ती खेचत राहतो. बल्ब अशा वेळी मंद होतो. इथे वायर तापते. म्हणून 16 अँपिअरचा सॉकेट, त्याला स्वतंत्र एमसीबी आणि जाड तांब्याची वायर हवीच.

एस9 च्या तीन पाट्यांना प्रत्येकी तीन कनेक्टर असतात. एका कनेक्टरमधून साधारण 12 अँपिअर जातात. एक मोकळा सोडला तर उरलेल्या दोघांवर 18 येतात आणि प्लास्टिक वितळू लागते. एकाच पाटीला दोन सप्लाय जोडणे तर त्याहून वाईट.

ओढलेली सगळी वीज शेवटी उष्णता होते, म्हणजे खोलीत दीड किलोवॉटचा हीटर चोवीस तास चालू. कुंभकोणमच्या मे महिन्यात पंखा, खिडकी आणि लेबलवरचे कमाल तापमान पाहूनच बटण दाबा. रोजचे सुमारे 35 युनिट पडतील. त्याचा हिशेब घरच्या बिलावरून तुम्हीच मांडून पाहा.