पैशाची किल्ली कोणाकडे?

नवी मुंबईत बेलापूरजवळ दिवाळे नावाचे गाव आहे. ते खाडीच्या काठी आहे. गावात कोळी लोक राहतात. त्यांची कामाची वाटणी जुनी आहे. पुरुषांनी होडी घेऊन मासे धरायचे. बायकांनी ते बाजारात विकायचे. मासळीचा भाव कोळीण सांगते. पैसे तीच मोजते आणि तीच घरी आणते.

आसपासची पुष्कळ गावे आगरी लोकांची. तेथे पूर्वी भातशेती आणि मिठागरे होती. बाई लावणीला चिखलात उभी राही. कापणीला विळा धरी. पण सातबारावर नाव बहुधा पुरुषाचे असे.

म्हणजे पाहा, गावे शेजारची, पण रीत निराळी. ‘पैसा पुरुषाचा आणि चूल बाईची’ हा काही देवाने घातलेला नियम नव्हे. रीत माणसांनी पाडली. माणसांना ती बदलताही येते.

जमिनीचा पैसा

१९७० साली सिडको स्थापन झाली. नवे शहर वसवण्यासाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतल्या ९५ गावांची जमीन घ्यायचे ठरले. योग्य मोबदल्यासाठी शेतकऱ्यांनी लढा दिला. दि. बा. पाटील हे त्यांचे पुढारी. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबार झाला. त्यात पाच जण हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची योजना आली.

पण मोबदला कोणाला? कागदावर ज्याचे नाव, त्याला. चिखलात राबलेल्या बाईचे नाव कागदावर नसेल, तर तिच्या हाती काय येणार?

बाप वारला की वारसांची नावे लागतात. तेव्हा बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. “तुला काय कळतंय? कर सही!” असे म्हणतात. माहेर तुटेल या भीतीने बहीण अंगठा उठवते. कोणी राजीखुशीने हक्क सोडला, तर गोष्ट वेगळी. पण न वाचता, भीतीपोटी दिलेला अंगठा म्हणजे राजीखुशी नव्हे.

जाच कसा ओळखावा?

एकाने कमवावे, दुसऱ्याने घर सांभाळावे, यात जाच नाही. हिशेब दोघांना ठाऊक असावा. गरजेला पैसा दोघांना मिळावा. मग किल्ली कोणाच्याही कमरेला असो.

जाचाच्या खुणा अशा आहेत :

१. बाईची सगळी मजुरी काढून घेतात. मग औषधालाही तिला हात पसरावा लागतो.

२. घरखर्चाला पैसे देत नाहीत आणि कामालाही जाऊ देत नाहीत.

३. खाते बाईचे, पण पासबुक आणि एटीएम कार्ड दुसऱ्याच्या खिशात. २०२४ साली ‘लाडकी बहीण’ योजना सुरू झाली. तिचे पैसे बाईच्याच खात्यात जमा होतात. ते किती आले, हे तिलाच ठाऊक नसेल, तर काय उपयोग?

४. बचत गटाचे कर्ज बाईच्या नावावर काढतात. पैसा दुसराच उडवतो. हप्ता मात्र तिच्या गळ्यात.

५. तिचे दागिने तिला न विचारता मोडतात किंवा गहाण टाकतात.

“तो मारत नाही, मग जाच कसला?” असे काही बाया म्हणतात. पण ज्या बाईच्या हाती गाडीभाड्यालाही पैसा नाही, ती उद्या मार बसला तर जाईल कुठे?

कायदा काय सांगतो?

घरातल्या हिंसेपासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला. २००६ पासून तो लागू आहे. मारहाण तर त्यात आहेच, पण पैशाचा जाचही आहे. पत्नी, आई, बहीण, मुलगी अशा कोणालाही तक्रार करता येते. खर्चासाठी पैसे द्या, तिचे दागिने परत करा, असा हुकूम न्यायालय देऊ शकते. लग्नात बाईला मिळालेले दागिने हे तिचे स्त्रीधन आहे. त्यावर हक्क तिचाच.

२००५ सालीच हिंदू वारसा कायदाही सुधारला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. लग्न झाले म्हणून तो जात नाही.

आपण काय करावे?

वाचल्याशिवाय सही करू नये. समजले नाही तर “उद्या सांगते” म्हणावे आणि विश्वासू माणसाकडून वाचून घ्यावे. पासबुक स्वतःजवळ ठेवावे. एटीएमचा आकडा कोणाला सांगू नये. दागिन्यांच्या पावत्या जपाव्या.

जाच होत असेल तर १८१ या क्रमांकावर फोन करावा. संरक्षण अधिकाऱ्याला भेटावे. स्त्रियांना सरकारकडून फुकट वकील मिळतो. त्यासाठी १५१०० या क्रमांकावर विचारावे.

पुरुषांनीही हे ध्यानात घ्यावे. बायकोला हिशेब सांगितल्याने मान कमी होत नाही. उद्या आपण आजारी पडलो, तर तीच घर सावरणार. तिला काही ठाऊकच नसेल, तर ती सावरील कशी?

आपण अक्षरे शिकलो. आता घरातले कागद वाचू या.

प्रश्न

१. दिवाळे गावात मासळीचे पैसे कोण मोजते?

२. पैशाच्या जाचाच्या तीन खुणा सांगा.

३. तुमच्या घराच्या कागदावर कोणाकोणाची नावे आहेत? आज वाचून पाहा.

नवे शब्द

मोबदला – घेतलेल्या वस्तूबद्दल दिलेला पैसा

हक्कसोडपत्र – आपला हिस्सा सोडल्याचा कागद

स्त्रीधन – बाईची स्वतःची मालमत्ता