एक आज्ञावली, अनेक हिशेब

छत्तीसगडमधील भिलाईला लागून असलेले जामुल हे गाव सिमेंट कारखान्यामुळे परिचित आहे. भिलाईच्या औद्योगिक परिसरात मराठी कुटुंबेही स्थायिक झाली आहेत. येथील एखादा मराठी दुकानदार आपल्या दुकानाचा आणि तो खजिनदार असलेल्या गणेशोत्सव मंडळाचा हिशेब एकाच संगणकावर, एकाच आज्ञावलीत ठेवतो, अशी कल्पना करावी. वर्गणीचे ५,१०० रुपये चुकून दुकानाच्या विक्रीत नोंदले गेले, तर विक्री फुगते, मंडळाच्या जमेत तूट दिसते आणि एका प्रामाणिक माणसाच्या सचोटीविषयी शंका घेतली जाते. आज्ञावली एक असली तरी हिशेब वेगळे राहिलेच पाहिजेत. ते कसे ठेवावेत?

यासाठी दोन पद्धती आहेत.

पहिली पद्धत स्वतंत्र वह्यांची. आज्ञावली एकच, परंतु प्रत्येक हिशेबाची माहिती निराळ्या फाइलमध्ये. टॅलीसारख्या हिशेबाच्या आज्ञावलीत अनेक ‘कंपन्या’ उघडता येतात, त्या याच तत्त्वावर. एका संचात बिघाड झाल्यास केवळ त्याचीच राखीव प्रत परत आणता येते. दुसऱ्याला धक्का लागत नाही. मात्र एकत्रित बेरीज काढणे कष्टाचे होते, आणि दोन्हीकडे नाव असलेल्या व्यक्तीचा पत्ता बदलल्यास तो दोनदा बदलावा लागतो.

दुसरी पद्धत एकाच वहीत प्रत्येक नोंदीपुढे संकेतांक लिहिण्याची. यात एकत्रित अहवाल तत्काळ मिळतो. परंतु संकेतांकाविना एकही नोंद स्वीकारली जाता कामा नये. पावती क्रमांक १०१ दोन्ही संचांत असू शकतो, म्हणून नोंदीची ओळख संकेतांक आणि क्रमांक मिळून ठरवावी. कोणी कोणता संच पाहावा, याचे अधिकारही वेगळे असावेत. शिवाय कालची राखीव प्रत सरसकट परत आणली, तर सर्वच संचांतील आजच्या नोंदी पुसल्या जातात, याचे भान ठेवावे.

बँकांनी या दोन्ही पद्धती अनुभवल्या आहेत. संगणकीकरणाच्या पहिल्या टप्प्यात बहुतेक शाखांची माहिती त्या त्या शाखेतील संगणकावरच असे. खातेदार जणू त्या शाखेचाच असे. कोअर बँकिंगमुळे सर्व शाखांची माहिती मध्यवर्ती माहितीकोशात आली, तरी प्रत्येक खात्यावर शाखेची खूण कायम राहिली. म्हणूनच जामुलचा खातेदार नागपुरातील शाखेत पैसे काढू शकतो आणि तरीही प्रत्येक शाखेचा हिशेब स्वतंत्रपणे जुळतो. धनादेशावर छापलेला ११ अक्षरांचा आयएफएससी हेही अशाच खुणेचे उदाहरण होय: पहिली चार अक्षरे बँकेची, पाचव्या स्थानी शून्य आणि शेवटची सहा शाखेची.

संकेतांक ठरवताना एक पथ्य पाळावे. बदलू शकणारी गोष्ट त्यात गुंफू नये. २०१२ साली दुर्ग जिल्ह्यातून बालोद आणि बेमेतरा हे जिल्हे वेगळे झाले. जिल्ह्याचे नाव संकेतांकातच असते, तर त्या भागातील प्रत्येक जुन्या नोंदीचा संकेतांक बदलावा लागला असता. जिल्हा वेगळ्या रकान्यात असल्यास केवळ तो रकाना दुरुस्त करून काम भागते.

मग निवड कशी करावी? पैशाचे मालक भिन्न असतील, तर स्वतंत्र फाइल. मालक एक आणि शाखा अनेक असतील, तर एक माहितीकोश व संकेतांक. आपल्या दुकानदाराने मंडळाचा हिशेब स्वतंत्र फाइलमध्येच ठेवणे इष्ट. महिनाअखेरीस पावतीपुस्तकाची बेरीज त्या फाइलशी ताडून पाहावी. दहा मिनिटांच्या या कामाने ते ५,१०० रुपये मंडळाच्या सभेपूर्वीच आपल्या जागी परततील आणि खजिनदारावरील विश्वासही अबाधित राहील.