सापळा भरला, काकडी सडली

कामगंध सापळा मुख्यतः फळमाशा मोजायला असतो, हे मी मॉरिशसमधल्या बागायतदारांना आणि परसात दोन वेल लावणाऱ्या मावश्यांना नेहमी सांगत असते. ऐकतात सगळे, पण पटतं ते हातचं पीक गेल्यावर. म्हणून आमच्या शेजारी घडलेली गोष्ट इथे लिहिते.

बेटाच्या पश्चिमेला, कोरड्या हवेच्या पट्ट्यात, आमच्या वावराला लागून एका काकांची काकडी होती. बांधावर आंब्याची जुनी झाडं. काकांनी दुकानातून मिथाइल युजेनॉल हा माशांना ओढणारा गंध आणला आणि मांडवाभोवती डबे टांगले. बघता बघता डबे माशांनी गच्च भरले. एवढ्या मेल्या तर आता उरल्या किती, असं वाटून त्यांनी किडकी फळं वेचणं थांबवलं, फळांना पिशव्या बांधणंही सोडलं. पुढच्या तोड्याला काकड्या वाकड्या निघाल्या, डंखाच्या जागी सुकलेला चिकट रस आणि आत वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. मांडव त्यांना मोडावा लागला. मेहनती माणसाचं असं नुकसान बघवत नाही.

डब्यातल्या माशा आंब्या-पेरूवरच्या होत्या, बॅक्ट्रोसेरा झोनाटा जातीच्या, आणि त्यातही नुसते नर. काकडी, कारलं, दुधी, दोडका यांवर पडणारी माशी वेगळी. तिचे नर क्यू ल्यूर या दुसऱ्या गंधाला येतात, मिथाइल युजेनॉलकडे फिरकत नाहीत. पीचसारख्या फळांवर पडणारी नाताळ माशी ट्रायमेडल्यूर या तिसऱ्या गंधाला येते. वेलवर्गीय पिकांवरच डॅकस सिलिएटस नावाची आणखी एक माशी आहे, तिच्यावर क्यू ल्यूरही चालत नाही. टोमॅटोवरची माशी तर या तिन्हींपैकी कशालाच भुलत नाही. डबा कोरडा आणि टोमॅटो अळ्यांनी भरलेले, हे मी स्वतः पाहिलं आहे. म्हणून डब्याइतकीच नजर फळावर हवी. दर तोड्याला थोडी फळं कापून बघा.

बरोबर गंध लावला तरी काम संपत नाही. डंख मारते मादी, आणि एक नर अनेक माद्यांना पुरतो. थोडे नर वाचले तरी अंडी पडतच राहतात. शिवाय फळलेल्या माद्या शेजारच्या परसातून उडत येतात, त्यांना तुमच्या डब्याशी काही देणंघेणं नसतं.

मग सापळ्याचा उपयोग काय? फार मोठा उपयोग आहे, आणि तो आमच्या बेटाने अनुभवला आहे. झोनाटा माशी इथे 1986 च्या सुमारास आली आणि ठाण मांडून बसली. 1994 मध्ये सरकारने फळमाशीविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, जागोजागी सापळे लागले. 1996 च्या जूनमध्ये त्याच सापळ्यांत बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस ही नवी माशी सापडली. ती वेळेत दिसली म्हणून बाधित भागात सर्वत्र मिथाइल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेले ठोकळे लावता आले, प्रथिनांचं आमिष फवारता आलं आणि 1999 पर्यंत तिचं निर्मूलन झालं. नर मारून माशी संपवायची तर अशी दाट आणि सगळ्या परिसरात लावणी लागते, एकट्याच्या चार डब्यांनी ते होत नाही. पुढे काही वर्षांनी ती माशी पुन्हा बेटावर आलीच. पहारा सोडता येत नाही तो यासाठी.

परसात किंवा वावरात आधी हात घालायचा तो गळालेल्या फळांना. अळी फळातून बाहेर पडते, उड्या मारत मातीत शिरते आणि कोषात जाते. त्याआधी फळ उचललं पाहिजे, म्हणजे एक-दोन दिवसांआड. उकिरड्यावर टाकाल तर माशांची पैदास तुम्हीच कराल. हाताने खणलेल्या उथळ खड्ड्याचाही उपयोग नाही. अर्धा मीटर तरी माती वर हवी, नाहीतर जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा, आतलं सगळं मरेपर्यंत. रस्त्याकडेचा बदाम, कुंपणातला पेरू, रानातला चिनी पेरू यांची फळं कुणाचीच नसतात आणि माशी तिथेच वाढते. गल्लीने मिळून ती गोळा केली तर फरक दिसतो.

वेलावरच्या फळाला बांधायची पिशवी ते मोठं झाल्यावर बांधून उपयोग नाही. कारलं बोटाएवढं असतानाच डंख बसतो, म्हणून फळ धरलं की लगेच बांधायची.

आमिषाचं तंत्र मला सगळ्यात मोलाचं वाटतं. अंडी पोसायला मादीला प्रथिनं लागतात, त्यामुळे प्रथिनात थोडं कीटकनाशक मिसळून ठिपके मारले की ती स्वतःहून येते. मॉरिशसच्या संशोधकांनी यासाठी बिअर कारखान्यातल्या टाकाऊ यीस्टवर प्रयोग केले, याचा मला अभिमान आहे. काकडीवरची माशी बराचसा वेळ पिकात नसतेच. ती कडेच्या उंच झाडोऱ्यात बसते आणि अंडी घालायला तेवढी आत येते. तेव्हा बांधावर मका लावा आणि ठिपके त्याच्या पानांखाली मारा. सबंध पीक औषधाने न्हाऊ घातलंत तर मधमाश्या मरतील, मग फळच धरणार नाही. पाऊस पडून गेला की ठिपके पुन्हा द्यायचे.

सापळा दीडेक मीटर उंचीवर, सावलीत टांगा. दोन गंध एका डब्यात घालू नका. दर आठवड्याला ठरलेल्या वारी मोजून वहीत लिहा. आकडा चढू लागला की आमिष आणि वेचणी लगेच वाढवायची.

कोकणातल्या बागायतदारांना यातलं पुष्कळ ओळखीचं वाटेल. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा त्यांच्या आंब्याला लागलेला असतो, आणि आमच्या काकडी-आंब्यावरच्या या माश्या मूळच्या तुमच्याच भागातल्या. तिकडून येणाऱ्या पाहुण्यांना म्हणूनच हात जोडून विनंती आहे. नातेवाइकांसाठी हापूस, पेरू, कारली बॅगेत घालून आणू नका. ताजी फळं-भाजी परवान्याशिवाय इथे आणता येत नाही. चुकून काही आलंच असेल तर विमानतळाच्या कचरापेटीत टाकू नका, तिथल्या वनस्पती संरक्षण अधिकाऱ्याच्या हाती द्या.