अडचण आणि सबब

मनुष्याची प्रगती बाहेरच्या अडचणींपेक्षा मनातल्या सबबीच अधिक रोखतात. 'वेळ नाही', 'भांडवल नाही' असे आपण इतक्यांदा म्हणतो की शेवटी तेच खरे वाटू लागते.

झाशीत वाढलेले ध्यानसिंह १९२२ मध्ये सैन्यात शिपाई झाले. दिवस कामात जाई आणि रात्री मैदानावर दिवे नसत. तरीही ते चंद्रप्रकाशात हॉकीचा सराव करीत, म्हणून सोबती त्यांना 'चंद' म्हणू लागले, असे सांगतात. तेच मेजर ध्यानचंद. १९२८, १९३२ आणि १९३६ या तिन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात ते होते.

'दिवे नाहीत' ही अडचण होती. 'म्हणून सराव होणार नाही' ही सबब ठरली असती. अडचण परिस्थिती देते, सबब आपण स्वतः घडवतो.

धंद्यातही तसेच आहे. भांडवल कमी असेल, पण उधारीची वही रोज लिहायला आणि थकलेली वसुली नम्रपणे मागायला भांडवल लागत नाही.

आज झोपण्यापूर्वी आपली एक सबब कागदावर लिहावी. तिच्यातली खरी अडचण किती, हे प्रामाणिकपणे पाहावे. उरलेल्या भागावर उद्या सकाळीच काम सुरू करावे. हीच साधना आहे.