१ मेची सुट्टी कशाची ?



१ मे रोजी कारखान्यावर झेंडावंदन होते. सुट्टी कशाची असे विचारले तर बहुतेक जण महाराष्ट्र दिनाची म्हणतात. ते बरोबरच आहे, १ मे १९६० ला आपले राज्य झाले. पण ही तारीख त्याच्या आधीपासून कामगारांची आहे, आणि तिची हकिकत शेतकऱ्याने ऐकावी अशी आहे.

अमेरिकेत त्या काळी कामगार दहा-दहा, बारा-बारा तास राबत. ‘आठ तास काम’ या मागणीसाठी १ मे १८८६ रोजी तिथे लाखोंनी संप केला. शिकागो शहरात जोर जास्त. ३ मेला मॅककॉर्मिक कारखान्यापुढे पोलिसांनी गोळीबार केला. हा कारखाना कशाचा ? तर पीककापणीच्या यंत्रांचा ! दुसऱ्या दिवशी हेमार्केटमध्ये, म्हणजे गवतबाजारात, निषेधाची सभा भरली. तिथे बाँब पडला, पोलीस मेले, कामगारही मेले. बाँब कुणी टाकला हे शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही, तरी ११ नोव्हेंबर १८८७ ला चौघांना फाशी दिले. पुढे १८८९ साली पॅरिसच्या परिषदेने १ मेचा ठराव केला. खुद्द अमेरिकेत मात्र सरकारी कामगार दिन सप्टेंबरात असतो, ही एक गंमतच.

आपल्याकडे १ मे प्रथम पाळला मद्रासला, १९२३ साली, सिंगारवेलू चेट्टियार यांनी. पण मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी त्याच्याही आधी, १८९० ला मिळाली. ती मिळवली जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी. आपल्या कारखान्याचा पाळी बदलण्याचा भोंगा चोवीस तासांत तीनदा होतो, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

आणि सुट्टीची कल्पना काही परदेशातून आलेली नाही. बेंदराला किंवा पोळ्याला आपण बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही. वर्षभर राबला, एक दिवस त्याचा.

आता फडातला कोयता बघा. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पहाटे अंधारात तोड सुरू, मग मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, आणि रात्री काट्यावर नंबर लागेपर्यंत थांबायचे. बाईला त्याआधी भाकरी थापायच्या असतात. आजारी पडून खाडा झाला तर मुकादम उचलीतून पैसे धरतो. १ मे उजाडेपर्यंत हंगाम आटोपून टोळ्या बीड-अहिल्यानगरकडे गेलेल्या असतात. म्हणजे कामगार दिनाला आपला कामगारच इथे नसतो !

सभासदांची तक्रार माझ्याकडे येते की टोळी बुडखे उंच ठेवते. तक्रार खरी आहे. पक्व उसाची साखर खालच्या कांड्यांत जास्त, ती रानातच राहते, आणि खोडवाही नीट फुटत नाही. पण सोळा तास जागा असलेला माणूस जमिनीलगत वाकून कोयता मारील कसा ? खुशालीवरून भांडून बुडखा खाली येत नाही.

तेव्हा पुढच्या हंगामात टोळी येण्याआधी फडाजवळ प्यायच्या पाण्याचे पिंप भरून ठेवावे. पोरांसाठी झाडाखालची जागा काटे काढून साफ करावी. विहिरीवर बायांना पाणी भरू द्यावे. गाडी रात्रभर काट्यावर अडकली असेल तर दुसऱ्या दिवशी तोड उशिरा धरू द्यावी, आणि तसे गटाच्या स्लिपबॉयला आदल्या रात्रीच सांगावे, म्हणजे गाड्यांचा मेळ बसवता येईल.

— ऊस विकास अधिकारी